रविवारची भाजी बुधवारी का सडली? पावसाळ्यातल्या आठवडे बाजाराचं एक प्रकरण

पुण्यातलं चार माणसांचं घर. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी आठवीत आणि सोबत सासूबाई. आषाढी एकादशी होऊन गेलेली, त्यामुळे सासूबाईंचा चातुर्मास सुरू, म्हणजे कांदा, लसूण आणि वांगी त्यांच्या ताटात नाहीत. हे घर नमुन्यादाखल घेतलं आहे. त्यातली मापं नेहमीच्या स्वयंपाकाची आहेत आणि चुका पावसाळ्यात घरोघरी होणाऱ्या.

प्रकरण थोडक्यात असं. जुलैतल्या एका रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजारातून सव्वानऊ किलोच्या आसपास भाजी आली. बुधवारी संध्याकाळी फ्रिज उघडला तर मेथीच्या दोन्ही जुड्या आतून चिकट आणि काळ्या झालेल्या, कोथिंबिरीला वास सुटलेला, शेपू पिवळा, भेंडीवर काळे डाग आणि बुळबुळीत पाणी, काकडीवर खोलगट खड्डे. ओट्यावरच्या टोपलीत कारली पिवळी पडून एक तर फुटलेलं. म्हणजे घर चवीने खाणार होतं तीच भाजी गेली. “बाजारातली भाजीच वाईट होती” हा निष्कर्ष अशा वेळी चटकन निघतो, पण इथे तो बरोबर नाही. भाजी चांगली होती. तिचं काय झालं ते तासातासाने पाहू.

आधी पिशवीत काय होतं

फळभाज्या: भेंडी एक किलो, दोडका एक किलो, काकडी एक किलो, टोमॅटो दीड किलो, गवार अर्धा किलो, कारली अर्धा किलो, करटुली पाव किलो, एक मध्यम दुधी (आठशे ग्रॅमच्या आसपास), तांबड्या भोपळ्याची एक किलोची फोड, हिरवी मिरची पाव किलो. पालेभाज्या: मेथी दोन जुड्या, कोथिंबीर एक, लाल माठ एक, शेपू एक आणि भाजीच्या अळूची एक जुडी.

चार माणसांच्या एका वेळच्या सुक्या भाजीला भेंडी अर्धा किलो लागते, दोडका सातशे ग्रॅम, कारण साल आणि शिरा जातात, गवार चारशे-साडेचारशे ग्रॅम आणि मेथी दोन जुड्या, कारण निवडल्यावर जुडी निम्म्यावर येते. या हिशोबाने ही खरेदी आठवड्याच्या दहा-अकरा भाज्यांची होते. मधे एक-दोन वेळा उसळ, एखादं पिठलं धरलं की आठवडा भरतो. त्यामुळे “जास्त आणलं म्हणून वाया गेलं” हेही खरं नाही.

ऋतूच्या दृष्टीनेही निवड अचूक होती. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला जी भाजी करतात तिच्यात अळू, लाल माठ, तांबडा भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस पडतं. पावसाळ्यात आपल्याकडे काय पिकतं याची यादीच आहे ती. या घराची पिशवी त्या यादीच्या जवळपास होती. अपवाद मेथीचा. मेथी मुळात थंडीतली. पावसाळ्यात ती येते, पण कोवळी, चिखलाने माखलेली आणि नाजूक, त्यामुळे जुलैत दोन जुड्या घेतल्या तर त्या त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवाव्या लागतात.

शेतकरी बाजाराने काय दिलं

महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला. त्याआधी शेतमालाची रीतसर वाट बाजार समितीतून जायची. शेतातून रात्री निघालेला माल पहाटे गुलटेकडीसारख्या बाजारात उतरायचा, तिथून घाऊक व्यापारी, मग किरकोळ विक्रेता. आजही बराच माल असाच येतो. आठवडे बाजारात ही साखळी तुटते. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे काढलेली भाजी सकाळी आठ-नऊला गिऱ्हाइकासमोर असते. यात भाजीला जेमतेम एक दिवस जास्त मिळतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण पालेभाजीचं सगळं आयुष्यच तीन-चार दिवसांचं. तिच्यासाठी एक दिवस ही मोठी मिळकत आहे, आणि या घराने ती रविवारी दुपारपर्यंतच घालवली.

बाजारातला प्रत्येक गाळा शेतकऱ्याचाच असतो असं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःच्या रानातला माल आणणाऱ्याकडे तीन, चार, फार तर सहा प्रकार असतात, आकार उन्नीस-बीस असतात आणि मुळांना माती असते. एकाच ताडपत्रीवर जुलैत फ्लॉवर, ढोबळी मिरची, गाजर, मटार आणि वर ब्रोकोली मांडलेली असेल तर तो माल घाऊक बाजारातून उचललेला असणार. त्यात गैर काही नाही, फक्त ताजेपणाचा तो जादा दिवस त्याला लागू नाही. जुलैतला मटार बहुतेक हिमाचलसारख्या थंड भागातून प्रवास करून आलेला असतो. पुरंदरचा खरिपातला वाटाणा खायचा तर श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबावं.

साडेनऊ ते साडेबारा

काढलेली भाजी श्वास घेत राहते. साठवलेली साखर जाळते, पाणी आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. मेथी, कोथिंबीर, शेपू यांची पानं पातळ आणि कोवळी असल्याने त्यांचा वेग भोपळ्या-दुधीच्या कितीतरी पट. त्यांना घट्ट बांधून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं की ती उष्णता बाहेर जात नाही. जुडीच्या मध्यात हात घातला तर ऊब हाताला लागते.

इथे घडलं ते असं. साडेनऊला आधी पालेभाजी घेतली, कारण तीच सगळ्यात पुढे मांडलेली होती. तिच्यावर भेंडी, त्यावर काकडी, वर दुधी. सकाळी सर येऊन गेलेली, त्यामुळे जुड्या ओल्या, आणि टवटवीत दिसावी म्हणून वरून पाणीही मारलेलं. पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवून वाण्याकडची, औषधांची कामं उरकली. साडेबाराला घरी आल्यावर पिशव्यांची गाठ न सोडता त्या तशाच फ्रिजमध्ये गेल्या.

पालेभाजीचं नुकसान या तीन तासांत झालं. पानं दाबली गेली की पेशी फुटतात. फुटलेल्या जागी पाण्याचा थर आणि ऊब मिळाली की मऊ सड करणारे जिवाणू कामाला लागतात. ते पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणून पान आधी काचेसारखं पारदर्शक होतं, मग चिकट, मग काळं. फ्रिजने हा वेग कमी होतो, थांबत नाही. शिवाय गरम पिशवी थंड कप्प्यात गेली की आतल्या बाजूला दव धरतं आणि ते पाणी पुन्हा पानांवरच उतरतं. प्लास्टिकमध्ये ते जाणार कुठे?

सगळ्यांना एकच थंडी

दुसरी चूक फ्रिजमधली. पालेभाजीला जितकी थंडी मिळेल तितकी हवी, फक्त गोठता कामा नये. भेंडी, काकडी, दोडका, कारली या उष्ण हवेतल्या पिकांचं तसं नसतं. काकडीला साधारण १० ते १२ अंश मानवतात आणि भेंडीला ७ ते १०. त्याखाली दोन-तीन दिवस राहिल्या की पेशींची पडदी बिघडते. काकडीवर खड्डे पडतात, भेंडीला काळे डाग येतात, आणि बाहेर काढल्यावर काही तासांत ते भराभर वाढतात. या घरात काकडीची पिशवी वरच्या कप्प्यात, मागच्या थंड भिंतीला चिकटून होती. तिथे चार अंशांच्या आसपास थंडी असते. भेंडीला थंडीच्या जोडीला ओलही लागली, म्हणून ती बुळबुळीत झाली.

कारल्यांचं कारण वेगळं. ती बाहेर टोपलीत होती, पण पिकलेल्या केळ्यांच्या आणि टोमॅटोच्या शेजारी. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि कारल्याला तो चटकन लागतो. दोन-तीन दिवसांत साल पिवळी, आत बियांवर लाल गर. शेपू पिवळा पडण्यातही याच वायूचा हात होता, कारण दीड किलोपैकी निम्मे टोमॅटो शेपूच्याच खणात ठेवले होते.

उलटा क्रम

एवढं होऊनही बरीच भाजी वाचली असती, जर खाण्याचा क्रम बरोबर असता. रविवारी रात्री दुधी झाला, सोमवारी भोपळा, मंगळवारी दोडका आणि टोमॅटोचं सार. म्हणजे जी भाजी शुक्रवारपर्यंत सहज टिकली असती ती आधी संपली आणि जिला दोन दिवसांचं आयुष्य होतं ती बुधवारसाठी राखली गेली.

हा आळस नव्हे. दुधी सोलून चिरायला सात मिनिटं लागतात. मेथीच्या दोन जुड्या निवडायला पंचवीस, माठ निवडून धुवायला वीस, अळूचे देठ सोलायला पंधरा. कामाच्या दिवशी सकाळी सव्वासातला डबे भरायचे असतात तिथे हात दुधीकडेच जातो. पालेभाजी वाया जाते ती बहुतेक घरांत याच कारणाने. तिला वेळ द्यायचा तो वार ठरलेला नसतो. आमच्या मते या प्रकरणातलं मुख्य कारण हेच. बाकीच्या चुका सुधारल्या आणि निवडण्याचं काम रविवारी झालं नाही, तर पुढच्या बुधवारीही हेच होणार.

पुढचा रविवार

बाजारात जाताना तीन कापडी पिशव्या आणि एक रुंद तोंडाची टोपली किंवा खोका न्यावा. टोपली फक्त पालेभाजीसाठी. खरेदीचा क्रम उलटा: आधी भोपळा, दुधी, काकडी, मग दोडका, भेंडी, गवार, मग टोमॅटो आणि शेवटी, घरी निघताना, पालेभाजी. बाकीची कामं बाजाराच्या आधी उरकायची किंवा दुसऱ्या कुणावर सोपवायची.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो भावाचा नसावा.

“मावशी, मेथी पावसाआधी काढलीत का नंतर?”

“काल सांजच्याला काढली ताई, पाऊस यायच्या आधी. माठ आज पहाटचा हाय, त्यो भिजलाय बघा.”

या उत्तरात आठवड्याचं नियोजन आहे. कोरडी काढलेली मेथी दोन-तीन दिवस धरते. भिजून काढलेला माठ आजच करायचा. आपल्या रानातला माल विकणारी बाई हे सहज आणि खरं सांगते, कारण ती पुढच्या रविवारीही तिथेच बसणार असते. घाऊक बाजारातून माल आणणाऱ्याला हे माहीतच नसतं.

जुडी हातात घेतली की वरची पानं बघून भागत नाही. सुतळी किंचित सैल करून मध्यात दोन बोटं घालावीत. ऊब किंवा चिकटपणा लागला, आतली पानं पिवळट दिसली तर ती जुडी परत ठेवावी. देठाचा कापलेला भाग पांढरट-हिरवा आणि ओलसर असेल तर ताजी, तपकिरी आणि वाळका असेल तर कालपरवाची. भेंडीचं टोक मोडून बघायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण दहा भेंड्या मोडून नऊ परत टाकणं हे विकणाऱ्याचं नुकसान आहे. एक मोडावी, बाकीच्या डोळ्यांनी निवडाव्यात. बोटाएवढी, फिकट लव असलेली, देठाशी काळी न पडलेली. करटुली घट्ट आणि हिरवी हवीत. पिवळसर झाक दिसली की आत बिया कडक झालेल्या असतात आणि पाव किलोतलं निम्मं टाकावं लागतं. त्यांचा भाव नेहमीच चढा, तेव्हा तिथे दोन मिनिटं जास्त घालवावीत. करटुलं सोलत नाहीत, धुऊन पातळ चकत्या करतात. बी कोवळी असेल तर ती भाजीत छान लागते.

बाजार उठायच्या वेळी वाटे स्वस्त मिळतात. ते घ्यावेत, पण त्याच दिवशी शिजवायचं असेल तरच.

घरी आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

चहा नंतर. आधी सगळ्या पिशव्या रिकाम्या करायच्या, जुड्यांच्या सुतळ्या सोडायच्या आणि पालेभाजी जुन्या सुती साडीवर किंवा पंचावर पंख्याखाली पसरायची. वर्तमानपत्र नको. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेलं आहे, आणि ओला पाला शाई लगेच उचलतो. पंख्याखाली वीस-तीस मिनिटांत जुडीतली ऊब जाते आणि वरचं पाणी सुकतं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कधी पाऊण तास लागतो. पानं मलूल व्हायच्या आत उचलायची.

मग निवडणं. घरातली सगळी माणसं बसली तर सहा जुड्यांचं काम पाऊण तासात होतं. एकटीने केलं तर दीड तास, आणि मग ते टळत जातं. मुलीकडे मेथीची पानं खुडायला द्यावीत, तिला अंगठा-बोटाची चिमूट सहज जमते. कोथिंबीर निवडताना कोवळे देठ टाकू नयेत, चटणीला आणि आमटीला तेच चवदार. माठाचे जाड देठ सोलून, बोटभर तुकडे करून वेगळे ठेवावेत. डाळीत शिजवलेल्या देठांची वेगळी भाजी होते.

ठेवायची पालेभाजी धुवायची नाही. आज शिजणारी धुवायची, आणि तीही मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन. पाला पाण्यात हलवून वर उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत ओतलं की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पावसाळी मेथीला असं तीन-चार वेळा लागतं. तळाला कण दिसेनासे झाले की पुरे. अळी-किड्यांसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं बुडवून ठेवतात, मग साध्या पाण्याने धुतात. साबण किंवा भांड्यांचं द्रावण भाजीला कधीही लावू नये.

अळूकडे थोडं जास्त लक्ष

या पिशवीतली सगळ्यात ऋतूची वस्तू अळू. सगळ्यात जास्त बिघडणारी भाजीही तीच, आणि ती सडून नव्हे तर घशाला खाजून. भाजीचं अळू आणि वडीचं अळू वेगळं. वडीचं जाड पानाचं, देठ काळपट-जांभळे. भाजीचं पातळ पानाचं, देठ हिरवट. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या पानातून ते जिभेला आणि घशाला टोचतात. नुसत्या उकळण्याने हे स्फटिक विरघळत नाहीत, म्हणून फतफत्यात चिंच किंवा आमसूल असतंच. तो चवीपुरता मसाला नाही, भाजीची गरज आहे.

बारा-पंधरा पानांच्या एका जुडीसाठी: हाताला तेल लावून देठांची साल ओढून काढायची आणि देठ बारीक चिरायचे. पानं चिरून देठांसह, मूठभर भिजवलेली हरभरा डाळ आणि तेवढेच शेंगदाणे घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. डाळ आणि दाणे आधी तीन-चार तास भिजलेले हवेत. हे विसरलं जातं, मग अळू शिजतं आणि डाळ कचकचीत राहते. बाहेर काढून चांगलं घोटायचं, दोन चमचे बेसन पाण्यात कालवून लावायचं, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तितकाच गूळ, मीठ आणि मुळ्याच्या चार चकत्या घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळायचं. चिंच घातल्यावरची ही उकळी महत्त्वाची आहे. वर मोहरी, हिंग, मेथीदाणा, सुकी मिरची यांची फोडणी. चातुर्मासात कांदा-लसणाची उणीव भासत नाही अशी ही भाजी. ती सोमवारी केली तरी चालते, पानं मेथी-शेपूइतकी नाजूक नसल्याने कोरड्या कापडात एक दिवस नीट राहतात.

कुठे काय ठेवायचं

पालेभाजी कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, वरच्या थंड कप्प्यात. डब्याच्या तळाशी दुमडलेलं एक कोरडं फडकं घालायचं. उतरणारं दव ते पितं. रोज एकदा हात लावून बघायचं, ओलं झालं असेल तर बदलायचं. कोथिंबिरीची मुळं शाबूत असतील तर निवडायच्या आधी थोडा भाग बाजूला काढून पेल्यात दोन बोटं पाण्यात उभा ठेवता येतो, पाणी रोज बदलून. भेंडी, गवार, दोडका, काकडी न धुता, पुसून कोरडी करून, कापडी पिशवीत, खालच्या खणात. तिथे वरच्यापेक्षा कमी थंडी असते. मिरचीचे देठ काढून कोरड्या डब्यात. देठापासूनच सड सुरू होते. टोमॅटो फ्रिजबाहेर, एका थरात, देठाची बाजू खाली. कारली आणि करटुली त्यांच्यापासून दूर, खालच्या खणात. दुधी आणि अख्खा भोपळा बाहेर चालतो, पण कापलेली फोड मात्र बिया व मऊ गर काढून फ्रिजमध्ये.

आता क्रम. रविवारी दुपारी भिजलेला माठ, रात्री मेथीच्या दोन्ही जुड्या. सोमवारी अळूचं फतफतं आणि डब्याला करटुली. मंगळवारी शेपू आणि मूगडाळ. त्यानंतर पालेभाजी उरतच नाही. बुधवारी भेंडी, गुरुवारी दोडका आणि काकडीची कोशिंबीर, शुक्रवारी कारली किंवा गवार, शनिवारी दुधी-भोपळा. उसळ आणि पिठलं आठवड्याच्या शेवटाकडे सरकवायचं, आधी नाही. निवडून ठेवलेला शेपू मंगळवारी सकाळी कढईत जायला दहा मिनिटं पुरतात, म्हणून हा क्रम पाळला जातो.

दुसऱ्या वेळीही काय चुकतं

सगळं असं केलं तरी एक-दोन गोष्टी निसटतात. पहिली, “आता बसलोच आहोत तर धुऊनच ठेवू” हा उत्साह. धुतलेला शेपू कोरडा वाटतो, पण त्याच्या बारीक पानांत पाणी अडकून राहतं आणि मंगळवारी डब्याचा तळ काळा झालेला दिसतो. दुसरी, डबा गच्च भरणं. कोंबलेला पाला पुन्हा आतून तापतो, तेव्हा एका डब्यात एकच जुडी, हलक्या हाताने. तिसरी, दोडका किंवा दुधी चव न घेता शिजवणं. कच्ची चकती जिभेला लावून बघावी. दुधी कडू लागला तर तो पूर्ण टाकून द्यावा, गूळ घालून चव झाकू नये. त्या कडवटपणाने उलट्या, जुलाब आणि त्याहून गंभीर त्रास झालेला आहे, आणि शिजवल्याने तो जात नाही. दुधीचा कच्चा रस पिणाऱ्यांनी तर पेला भरायच्या आधीच चव बघावी.

आणि पहिल्या बुधवारचं काय वाचलं असतं? मलूल आणि सडकं यात फरक आहे. नुसती मान टाकलेली, पण कोरडी आणि बिनवासाची मेथी देठ कापून गार पाण्यात अर्धा तास ठेवली की पुन्हा उभी राहते. चिकट झालेला भाग मात्र जुडीतून पूर्ण काढावा, आणि आसपासच्या पानांना वास असेल तर तीही. पिवळं कारलं न फुटलेलं असेल तर बिया काढून चिंच-गुळाच्या रसभाजीत चालतं, कडूपणा कमी झालेला असतो. खड्डे पडलेल्या काकडीचे डाग कापून, वास बघून, त्याच दिवशी कोशिंबीर. बुळबुळीत भेंडी वाचत नाही.

श्रावण लागला की पिशवी थोडी बदलते. घेवडा, पडवळ, घोसाळी वाढतात, पुढे वाटाणाही येतो आणि उपासांमुळे भाजीच्या वेळा कमी होतात, तेव्हा पालेभाज्या सहावरून तीन जुड्यांवर आणाव्यात. रानभाज्यांपैकी टाकळा आणि कुर्डू फुलावर यायच्या आधी कोवळे असताना घ्यायचे, आणि तेही त्या रोज ओळखून खुडणाऱ्या बाईकडूनच. सुती फडकी आणि साडीचे तुकडे दर शनिवारी गरम पाण्यात धुऊन, ऊन नसेल तर इस्त्रीने पूर्ण कोरडे करून ठेवावेत. दमट फडक्यात बुरशी धरते आणि रविवारच्या ताज्या पाल्याला तीच लागते.